शेंगांची तडतड थांबते तेव्हा

प्रश्न असा आहे : 'माझे बाबा दर दोन-तीन महिन्यांनी "ज्वेल थीफ" लावून बसतात. चोर कोण, अमर कोण, सगळं त्यांना पाठ आहे. एकदा बघितल्यावर मलाही पाठ झालं. रहस्यपटातलं रहस्य कळल्यावर बघायला उरतं काय? की ही नुसती जुन्या दिवसांची ओढ?'

जुन्या दिवसांची ओढ थोडी असणारच. पण तेवढीच असती तर बाबांनी गाणी लावली असती आणि डोळे मिटून पडले असते. ते पूर्ण चित्रपट बघतात, यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

मी १९७४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सोलापुरातल्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये, म्हणजे जिथून पडद्यावर चित्र पाडतात त्या खोलीत, हेल्पर म्हणून लागलो. पुढे ऑपरेटर झालो. २०११ साली आमच्याकडची रिळं बंद होऊन डिजिटल आलं, तेव्हा घरी बसलो. 'ज्वेल थीफ' १९६७ चा, म्हणजे पहिल्यांदा लागला तेव्हा मी शाळेत होतो. पण मॅटिनीला तो आमच्याकडे परत परत यायचा. मे महिन्यात दुपारी बाराच्या उन्हात पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून आलेली माणसंसुद्धा तो चित्रपट ताठ बसून बघायची. पुढे चोराचं नाव येणार आहे. तुम्ही बघितलाय म्हणून मोकळेपणाने लिहितो. ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी तो बघावा, मग हे वाचावं.

केबिनच्या झरोक्यातून प्रेक्षकाचा चेहरा दिसत नाही. दिसतात ती डोकी, तीही मागून. म्हणून ऑपरेटर प्रेक्षकाला कानाने ओळखतो. रीळ लागलं, मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी नीट जळतेय बघितलं की मशीन हेल्परकडे देऊन मी बाल्कनीच्या मागच्या दारात येऊन उभा राहायचो. खोकला, खुर्च्यांची करकर, लहान पोराचं रडं, आणि आमच्या सोलापुरात सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शेंगा. भाजलेल्या शेंगांची पुडी घेतल्याशिवाय इथं माणूस आत शिरायचा नाही. शो सुटला की खुर्च्यांखाली टरफलांचा थर असायचा. पाचशे-सहाशे माणसं अंधारात शेंगा फोडत असली की पत्र्यावर पहिला पाऊस पडावा तशी बारीक तडतड सतत चालू असते. मारामारी आली की ती वाढते. गाणं आलं की निम्मा स्टॉल बिडी ओढायला बाहेर, तेव्हा कमी होते. रहस्यपट चांगला असेल तर एक क्षण असा येतो की सगळं थिएटर एकदम गप्प होतं. शेंग दोन बोटांत धरलेली असते आणि फोडायची राहून जाते. तो क्षण कधी येणार हे मला पुढे पुढे घड्याळ न बघता कळायला लागलं.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की ज्यांनी चित्रपट आधी चार वेळा बघितलाय, त्यांचीही तडतड त्याच जागी थांबायची. मॅटिनीचे गिऱ्हाईक बहुतेक तेच असायचे. मला याचं फार नवल वाटायचं. एकदा माझ्याच हातून एक चूक झाली आणि तेव्हा ते थोडं उलगडलं.

चित्रपटाचं एक रीळ साधारण हजार फुटांचं. सेकंदाला चोवीस चित्रं, मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे एक रीळ अकरा मिनिटं. तीन तासांचा चित्रपट सोळा-सतरा रिळांचा होतो. आम्ही दोन-दोन रिळं जोडून मोठ्या चरख्यावर चढवायचो आणि दोन मशीन आलटून पालटून चालवायचो. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. तो पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की पाटी सरकवून उजेड त्या मशीनवर घ्यायचा. प्रेक्षकाला कळताही कामा नये. मॅटिनीच्या प्रिंट जुन्या, गावोगाव फिरून आलेल्या असायच्या. रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवरचा आकडा झिजून गेलेला असायचा. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस होते. गावाकडून माणसं आलेली, चारही शो भरलेले, रात्रभर झोप नाही. मी एका पेटीतलं रीळ वाचायला चुकलो आणि मधली दोन रिळं सोडून पुढचं चढवलं.

पडद्यावर आला तो अशोक कुमार. पण घाबरलेला, बहिणीसाठी जीव टाकणारा भाऊ नाही. त्याचा खरा चेहरा. ज्याला सगळे हिंदुस्थानातले पोलीस शोधताहेत तो चोर.

दोनेक मिनिटं गेली असतील. खाली शिट्ट्या सुरू झाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. मशीन थांबवलं, दिवे लावले, हात थरथरत होते. मालक वर आले. पैसे परत मागायला माणसं येतील असं धरून मॅनेजर खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मी बरोबर रीळ लावलं. आता या रिळात अशोक कुमार अजून भला माणूस आहे. त्याचं पुढे काय होणार हे आता सगळ्या थिएटरला माहीत होतं, माझ्या चुकीमुळे.

एकही माणूस उठला नाही. आणि ती बावीस मिनिटं थिएटरमध्ये जेवढी शांतता होती तेवढी मी त्या चित्रपटाला तोवर कधी ऐकली नव्हती. तो काळजीने बोलतोय आणि पाचशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघताहेत. आता तो काय बोलतोय याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. किती सफाईने बोलतोय हे ती बघत होती. मधेच एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, 'बघा की ओ, कसा गोड बोलतोय!' कुणी हसलं नाही.

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली आणि पुढच्या तीस वर्षांत ती खोटी ठरली नाही. चोराचं नाव ही रहस्यपटाची फक्त घंटा. घंटा वाजली म्हणून पूजा संपत नाही. पहिल्या वेळी आपण फसतो. दुसऱ्या वेळी कसं फसवलं ते बघतो. आणि दुसरं बघणं जास्त गोड असतं, कारण तेव्हा आपण पडद्यावरच्या माणसापेक्षा जास्त जाणत असतो आणि तरी त्याला हाक मारून सांगू शकत नाही.

हे सोलापूरच्या माणसाला वेगळं समजावायला लागत नाही, निदान माझ्या पिढीच्या. माझे वडील गिरणीत होते. भोंगा अचानक कानाशी वाजला तर माणूस दचकतो, दोन क्षणांत विसरतो. पण भोंग्याला तीन मिनिटं उरली आहेत, फाटक बंद झालं की दिवसाची हजेरी जाणार आहे, आणि सायकलची चेन पडली आहे? तेव्हा घड्याळ माहीत असणं हाच त्रास असतो. वडील वेळेवर पोचायचेच, पण मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून रोज तितकाच घाबरायचो. नुसतं दचकवणारा चित्रपट एकदाच चालतो. घड्याळ दाखवून ठेवणारा कितीही वेळा चालतो. हिचकॉकने १९५८ च्या 'व्हर्टिगो'त शेवट बराच दूर असताना सगळं गुपित प्रेक्षकाला सांगून टाकलं, नायकाला मात्र नाही. त्यानंतरचा प्रत्येक प्रसंग छातीवर दगड ठेवल्यासारखा वाटतो. तुमच्या पिढीतलं सांगायचं तर निशिकांत कामतने केलेला २०१५ चा हिंदी 'दृश्यम' बघा. गुन्हा काय झाला, कुणाकडून झाला हे आपल्या डोळ्यांसमोर घडतं. बसची आणि सिनेमाची तिकिटं का जपून ठेवली आहेत हे आपल्याला माहीत असतं. तरी चौकशीच्या वेळी त्या धाकट्या पोरीच्या तोंडून काय निघेल म्हणून आपण खुर्चीचा हात घट्ट धरतो.

आता 'ज्वेल थीफ'मधल्या त्या प्रसंगाकडे येतो ज्याच्यासाठी मी तो चित्रपट कधीच अर्धा सोडत नाही. पार्टीचा प्रसंग. देव आनंदचा विनय सगळ्यांना सांगतोय की मी अमर नाही. अशोक कुमारचा अर्जुन ठामपणे म्हणतो की तूच अमर, माझ्या बहिणीशी लग्न ठरवून पळालेला. मग तो म्हणतो, अमरच्या उजव्या पायाला सहा बोटं आहेत, काढ बूट. विनय आढेवेढे घेतो. सगळी पार्टी त्याच्याकडे संशयाने बघते, आपणही बघतो. शेवटी तो बूट-मोजा उतरवतो. पाचच बोटं. अर्जुन माफी मागतो.

या प्रसंगात काय केलंय बघा. पहिल्या वेळी आपल्याला वाटतं, चला, प्रश्न सुटला, विनय अमर नाही. बरोबर आहे. पण त्याबरोबर दुसरी एक गोष्ट आपल्या मनात कायमची बसते, आणि ती कुणी बोलतसुद्धा नाही : सहा बोटांचा अमर नावाचा एक माणूस कुठेतरी आहे. कारण जो नाही त्याच्या पायाची बोटं कोण कशाला मोजेल? विनय अमर नाही हे सिद्ध करता करता अमर आहे हे सिद्ध करून टाकलं. आणि अमर तर कधी नव्हताच. पोलिसांनी त्यालाच चोर समजून त्याच्या मागे धावावं म्हणून तो अर्जुननेच रचलेला. नसलेल्या माणसाला एक जास्तीचं बोट दिलं आणि आपण सगळ्यांनी त्याला जन्म दिला.

दिग्दर्शक विजय आनंदची ही करामत मला आजही फार मोठी वाटते. त्याने काहीही लपवलं नाही. उजेडात, सगळ्यांसमोर, पाय पुढे करून दाखवलं. कच्चा दिग्दर्शक काय करतो? ऐन वेळी कॅमेरा दुसरीकडे वळवतो, खोटी आठवण दाखवतो, शेवटच्या रिळात कधी न आलेला जुळा भाऊ आणतो. असे चित्रपट मी शेकड्यांनी चालवले. ते दुसऱ्या आठवड्यात पडायचे आणि मॅटिनीला तर त्यांचं नावही कुणी काढायचं नाही. लोक फसवून घ्यायला तयार असतात, लबाडी मात्र त्यांना चालत नाही. दुसऱ्यांदा बघताना सगळ्या खुणा जागेवर सापडल्या पाहिजेत. सापडल्या की माणूस तिसऱ्यांदा येतो.

इथं मला आमच्या अक्कांची आठवण सांगायलाच हवी. अक्का म्हणजे आमच्या टॉकीजमध्ये झाडलोट करणाऱ्या बाई. पूर्व भागातल्या, घरात तेलुगू, नवरा मागावर, सकाळी बिड्या वळायच्या आणि दुपारनंतर आमच्याकडे. मराठी कामापुरती, हिंदी जवळजवळ नाही. काम संपलं की मागच्या भिंतीला टेकून बघत उभ्या राहायच्या. 'ज्वेल थीफ' त्यांनी पहिल्यांदा बघितला तेव्हा इंटरव्हलला मी चहा घेत होतो, तर म्हणाल्या, 'तो भाऊ चोर आहे.' मी थक्क झालो. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, 'कुणी नाही सांगितलं. सगळे त्या हिरोकडे बघतात. तो भाऊ सगळ्यांकडे बघतो.'

मला वाटतं, संवाद कळले नाहीत म्हणून अक्का फसल्या नाहीत. आपल्याला फसवतात ते शब्द. शब्दांचं बोट धरून आपण जातो आणि डोळे मागे राहतात. पुढे मी मुद्दाम आवाज बारीक करून, झरोक्यातून नुसती चित्रं बघत हा चित्रपट बघितला. अक्कांचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या थिएटरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा घेऊन माणसं बसायची आणि हिंदी कुणाचीच नव्हती म्हटलं तरी चालेल. तरी रहस्यपट सगळ्यांना सारखा कळायचा, कारण चांगला रहस्यपट मुळात डोळ्यांनी बघायचा असतो.

अशोक कुमारला घेण्यातही केवढा विचार आहे. १९३६ पासून लोकांनी त्याला नायक म्हणून बघितलेलं. १९४३ च्या 'किस्मत'मध्ये तो पाकीटमार होता, पण तोही मनाने चांगला. १९६७ पर्यंत तो सगळ्यांचा दादामुनी झाला होता, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा. तो खोटं बोलेल असं प्रेक्षकाच्या मनात येईना. तीस वर्षांचा विश्वास विजय आनंदने एका भूमिकेत खर्च केला. दोन वर्षांनी यश चोप्राच्या 'इत्तेफाक'मध्ये नंदाच्या बाबतीत हेच झालं. सोशिक बहीण, सोज्ज्वळ मुलगी अशी तिची ओळख, आणि एका रात्रीत घडणारी ती गोष्ट तिच्या त्याच चेहऱ्यावर उभी आहे. त्या चित्रपटात एकही गाणं नाही. ऑपरेटरच्या नजरेने सांगतो, बिडीवाले बाहेर जायला जागाच शोधत राहायचे आणि शेवटी बसून राहायचे.

यावरून गाण्यांचा विषय निघतोच. हिंदी रहस्यपटात गाणी म्हणजे अडथळा, असं हल्ली बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. १९४९ च्या 'महल'मध्ये 'आएगा आनेवाला' हे गाणं हेच भूत आहे. लांबून येणारा तो आवाज जवळ येतो आणि अंगावर काटा येतो. त्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून लताबाईंचं नाव नव्हतं, चित्रपटातल्या पात्राचं, कामिनीचं होतं. आवाज कुणाचा हेसुद्धा लोकांना रहस्यच होतं.

आणि 'ज्वेल थीफ'? वैजयंतीमालाची शालिनी 'रुला के गया सपना मेरा' गाते तेव्हा पहिल्या वेळी आपण समजतो, अमरने टाकलं म्हणून रडतेय. दुसऱ्या वेळी कळतं, अमर नव्हताच. मग ही कशासाठी रडतेय? धाकाखाली, मनाविरुद्ध, समोरच्या चांगल्या माणसाला फसवावं लागतंय म्हणून. दुःख खरं, सांगितलेलं कारण खोटं. एकच गाणं, एकच आवाज, एकच चाल, आणि दोन वेळा दोन वेगळी गाणी ऐकू येतात. सचिनदेव बर्मनांनी ती चाल अशी बांधली आहे की दोन्ही अर्थ तिच्यात मावतात. शेवटाकडचा 'होठों में ऐसी बात' हा मोठा नाच तर गुपित ओठांत दाबून ठेवण्याबद्दलच आहे. सरळ मुखड्यातच सांगितलंय, आणि आपण ढोलाच्या तालावर पाय हलवत बसतो. त्या गाण्याला स्टॉलमधून कुणी उठलेलं मला आठवत नाही. एवढ्या लांबलचक शॉटमध्ये फिरणारी नर्तकी, आणि पाय तालात असले तरी जीव भलतीकडे अडकलेला.

अंधाराबद्दल थोडं, कारण ते माझं काम होतं. रहस्यपटाच्या काळोख्या रिळांना आम्ही नवा कार्बन लावायचो. दोन कार्बनच्या टोकांमधलं अंतर वाढलं की उजेड पिवळा पडतो, हलतो. उजळ प्रसंगात ते चालून जातं, काळोखात सगळं चिखलासारखं दिसतं. जिन्यावरची सावली माणसाची आहे की खांबाची, हे प्रेक्षकाला जेवढं दिग्दर्शकाने ठरवलं तेवढंच कळलं पाहिजे. त्याहून कमी कळलं तर ती चूक ऑपरेटरची. आता घरच्या टीव्हीवर, ट्यूबलाइट लावून बघता तेव्हा असल्या सावल्या निम्म्या मरतात. दिवा बंद करून बघा, एवढं माझं मनापासून सांगणं आहे.

आता तुमच्या बाबांकडे येतो. त्यांच्या वयाच्या माणसाने हा चित्रपट बहुधा गर्दीत पहिल्यांदा बघितला असणार. गर्दीत फसण्याची एक वेगळी चव असते. पाचशे माणसं एकाच वेळी श्वास आत घेतात, त्यात आपलाही एक असतो. घरात ते मिळत नाही. म्हणून ज्याला चित्रपट पाठ आहे तो शेजारी एखादा नवा माणूस शोधतो आणि त्याला फसताना बघतो. आमच्याकडे मॅटिनीला काही माणसं दर वेळी वेगळ्या मित्राला, मेव्हण्याला, भाच्याला घेऊन यायची. तिकीट दोघांचं त्यांचंच. ती पडद्याकडे कमी आणि शेजाऱ्याकडे जास्त बघायची, आणि बरोबर जागा आली की कोपराने हळूच ढोसायची. बाबांनी तुम्हाला पहिल्यांदा बसवलं तेव्हा त्यांनीही हेच केलं असेल, तुमच्या लक्षात आलं नसेल एवढंच.

पुढच्या वेळी त्यांनी लावला की शेजारी बसा. शेंगा घ्या, टरफलांना ताटली ठेवा. पार्टीचा प्रसंग आला, अशोक कुमारने सहा बोटांची गोष्ट काढली आणि देव आनंद बुटाला हात घालायला वाकला, की तुम्ही पडद्याकडे बघू नका. बाबांकडे बघा. ते पायाकडे बघत नसतील.